फाटकावरची फुंकर

“फुंक,” मी म्हणालो.

लटारूनं माझ्या तोंडावर फुंकर मारली. नुसता तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास.

“पुन्हा.”

“रोज दोनदा काऊन, खुशालभाऊ? दोन वर्सं झाले, थेंब घेतला नाई मी.”

“हात दाखव.”

बोटांना मोहाच्या दारूचा वास होता. तोंड कोरडं आणि बोटं ओली, हे गणित मला पटेना.

मी इथं लाकूड कापायच्या आरामशीनवर मुकादम आहे. सकाळी फाटकात उभं राहून सगळ्यांची तोंडं हुंगायची, हे काम चैतू गेल्यावर मीच मागून घेतलं. चैतू आणि लटारू मोठ्या पात्यावर जोडीनं लाकूड सरकवायचे. एका सकाळी प्यायलेला चैतू तोल जाऊन पात्यावर पडला आणि जागीच गेला. त्या दिवसापासून लटारूनं सोडली म्हणतात. पण सोडली म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. बाटली आत आली की हजेरीतून नाव कापायचं, असा आमचा नियम आहे.

मी त्याच्या मागोमाग गेलो. सागाच्या ओंडक्यांआड त्यानं कमरेची छोटी बाटली काढली. सापडला एकदाचा, म्हणून मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण बाटली तोंडाकडे गेली नाही. पात्यापाशी जाऊन त्यानं चार थेंब बोटांवरून जमिनीवर सोडले.

“घे चैतू,” तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. “हे काय करून राह्यला?”

“घरून भरून आनतो, त्याच्या नावाचं टाकतो. मंग मशीन चालू.”

“घरी टाक ना.”

“तो घरी मेला का?”

“अन् तुले प्यावंसं वाटत नाई?”

“वाटते ना. रोज वाटते.” त्यानं बाटली माझ्यापुढे धरली. “नाव कापाचं तर कापा, भाऊ. पन हे तुमी टाकत जा. दुसरं कोनी नाई.”

मी बाटली घेतली. त्या सकाळी चैतू झोकांड्या खात फाटकातून आला, तेव्हा मी तिथंच मोबाइलवर बोलत होतो. जा जा म्हणून मीच हात हलवला होता. लटारू त्याच्या मागेच होता. त्यानं हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचं नाव मी कापलं नाही. बाटली आता माझ्या टेबलाच्या खणात असते. फाटकावर उभं राहण्याआधी मीच पात्यापाशी जाऊन येतो.

काल लटारूनं नेहमीसारखी फुंकर मारली. मी “पुन्हा” म्हणालो नाही. त्यानं माझा हात धरला, बोटं नाकाशी नेली आणि आत गेला.