अंगणात न विझणाऱ्या लहरी

गणपतीत आलेल्या सावनीच्या पत्राला दसरा आला तरी मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मी अडखळतो, म्हणून त्या मुलीने मुद्दाम पत्र लिहिलं होतं.

सावनी पुण्याची संशोधक. कोयनेकडून निघालेल्या भूकंपलहरी जमिनीच्या कवचातून जाताना किती क्षीण होतात, हे ती मोजते. त्यासाठी इथे अलोऱ्याला आमच्या अंगणात खड्डा खणून तिने यंत्र बसवलंय. वर लोखंडी झाकण.

तिने लिहिलं होतं, 'काका, हादऱ्यानंतर लहरी विझत जातात. किती भरभर विझतात, त्यावरून खालचा खडक कळतो. तुमच्याकडे मात्र त्या विझता विझता पुन्हा उसळतात. काही लक्षात येतंय का? कारण कळलं नाही, तर दिवाळीत यंत्र वेळणेश्वरला हलवावं लागेल.'

वाचनालयात नोकरी केलेला माणूस मी. पुस्तकं काढून बसलो. कातळाखाली पोकळी असेल? भेग? दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. तिला मी काय शिकवणार!

"यंत्र गेलं तर बोलाल कोणाशी?" माझी बायको कुसुम म्हणाली. "रोज सकाळी झाकणाला हात जोडता."

"धूळ पुसतो गं."

"हो, हो. मला दिसतं ना."

तिचं खरं होतं. ते यंत्र आल्यापासून निवृत्त माणसाला काहीतरी काम होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मांडणीवरची भांडी वाजली. हादरा! एरवी सगळ्यांच्या पुढे मीच अंगणात धावतो. त्या दिवशी पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून खिडकीतच अडकलो. कुसुम हातातल्या डावासकट धावली. शेजारच्या गंगारामने कुंपणाच्या दगडी गडग्यावरून धप्पकन उडी टाकली. मागोमाग त्याची बायको कमळा आणि अर्धी आळी. सगळे थेट झाकणाभोवती.

"अण्णा, किती भरला वो?" गंगाराम पाय आपटत ओरडला. "पाचाच्या वर?"

"तुमच्या उडीचाच जास्त भरला आसंल!" कमळा म्हणाली.

मी खिडकीतच हसत सुटलो. कुसुमला वाटलं, घाबरून डोकं फिरलं.

संध्याकाळी आळीत ठरलं, की यापुढे हादरा बसला की बाहेर पडायचं ते रस्त्यापलीकडच्या मैदानात. "आन् नंतर च्या आमच्याकडं," गंगारामने जाहीर केलं.

तरी कागद पुढे घेतल्यावर हात थबकला. संशोधन करणाऱ्या मुलीला असलं कारण कळवायचं? हसेल ती.

"हसू दे की," कुसुम म्हणाली. "यंत्र तर राहील."

मी लिहिलं, 'सावनी, लहरी इथेही विझतात. त्यानंतर उसळतो ते आम्ही. हादरा बसला की सारी आळी झाकणाभोवती जमते. खडकाचा काही दोष नाही. यंत्र हलवू नकोस. आम्हीच बाजूला होतो.'

पोस्टाच्या पेटीपाशी पुन्हा वाटलं, अक्षर नीट आहे का, एकदा बघावं. कुसुमने माझं कोपर ढकललं. पत्र आत पडलं.