चोवीस रेचे, आठ टाइपरायटर

मुनव्वर मिस्त्रीने पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा कुठे चोविसाव्या रेच्याचा नट करकरला. कापसातून सरकी काढणारे हे रेचे एकोणीस वर्षांपूर्वी त्यानेच बसवले होते. सोडायलाही त्यालाच बोलावले होते. बसवणाऱ्या हाताने यंत्र कमी मोडते आणि भंगाराला भाव जास्त येतो, हे जिनाचे, म्हणजे या सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक खुशालराव जाणून होते.

"काहून थांबला, मिस्त्री?" ते दारातूनच म्हणाले. कोटाला रुई चिकटते म्हणून ते आत येत नसत. "आता जमाना कागदाचा आहे."

"कागद खाऊन पोट भरते का, मालक?"

"खाऊन नाही. सही करून भरते."

कापूस त्या बासष्ट साली काही कमी नव्हता. पण जिन चालवायचा तर मजूर आले, कोळसा आला, इन्स्पेक्टर आला. शेड भाड्याने दिली की नुसते भाडेच येते. शेडमध्ये आठ टाइपरायटरांचा क्लास निघणार होता. मुनव्वर राजी झाला तो एका बोलीवर: त्याची मॅट्रिक झालेली सितारा तिथे फुकट शिकेल, आणि पुढे शेजारच्या, रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या हापिसात खुशालराव तिला चिकटवतील.

"पोरीचे हात काळे नको व्हायले," त्याची बायको नसीमबानो घरी म्हणाली होती.

"झाले तं शाईनं होतीन. ग्रीसनं नाही."

वर्षभरात त्या गल्लीत आणखी तीन क्लास निघाले. क्लाससमोर चहाचे हॉटेल, हॉटेलला लागून पानाचा ठेला, अर्ज लिहून देणारे दोघे आणि अर्ज कुठे द्यायचा ते सांगणारा एक. जो तो दुसऱ्याला काहीतरी करून देत होता. "पाह्य, बजार कसा फुलला!" खुशालराव म्हणत. त्यांचे पाहून आणखी दोघांनी जिन मोडले. प्रेसच्या फाटकातली बैलगाड्यांची रांग मात्र आखडत गेली. जिन नाही तर रुई कुठली, आणि रुई नाही तर गाठ कशाची बांधायची? नट सोडताना मुनव्वरला हे सुचले नव्हते. हात कामात असले की डोके बिनपगारी रजेवर जाते.

सितारा परीक्षेत पहिली आली आणि आठवड्याभरात प्रेसमधून बोलावणे आले. मुनव्वर इस्त्रीचा सदरा घालून तिला फाटकापर्यंत सोडून आला.

दिवे लागायच्या सुमारास ती परतली. बोटे चोळत ओट्यावर टेकली.

"काय काम देलं?"

"चिठ्ठ्या, अब्बा. त्र्याऐंशी. मजकूर एकच, नावं तेवढी बदलायची."

"कोनता मजकूर?"

"एक तारखेपासून प्रेस बंद."

नसीमबानोच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली.

"पन तिथं तं कमलाकांतबाबू आहेत टायपिंगले," मुनव्वर म्हणाला. "मंग तुले काहून?"

"त्यांचे हात चालून नव्हते राहिले. बाजूले बसून कार्बन लावून देत होते. एकेक नाव वाचून दाखवलं त्यांनी. शेवटचं त्यांचं सोताचं होतं, ते नाही वाचलं. म्हणाले, हे तुले माहीत आहे बेटा. चूक नको करू, कागद कचेरीत जाते."

"केली?"

"एकही नाही." आवाजातली ऐट तिला लपवता आली नाही. मग तिने मान खाली घातली.

मुनव्वरने सदऱ्याची वरची गुंडी काढली. बराच वेळ त्याला दुसरी सापडेना.

"उद्या बोलावलं का तुले?"

"कशाले?" सितारा म्हणाली. "सगळे झाले."