लाल लोकरीचा वास

लोकर झोपते, असं माझी थोरली जाऊ तूदा म्हणायची. कातून, रंगवून, वाळवून झाली की तिला अंधाऱ्या कोठीत ठेवायचं आणि ती जागी होईपर्यंत हात लावायचा नाही. कधी जागी होणार, ते अर्थात तूदालाच कळणार. नवी नवरी होते तेव्हा मला हे सगळं खरं वाटायचं. दुपारी कोठीच्या दाराला कान लावून बसायची मी, आणि शपथेवर सांगते, आत कुणीतरी सावकाश श्वास घेत असायचं.

पण सव्वीस वर्षांत माणूस शहाणं होतं. मला त्या कोठीत झोप दिसेनाशी झाली आणि नुसता पसारा दिसू लागला. हिरव्या लडीवर तपकिरी, देवदाराच्या पेटीत पिवळी, रांजणात काळी, खुंट्यांवर अर्धवट गुंडे. भरीला अलीकडे बहुतेक लडींत काहीतरी कचरा खोचलेला. मी काही बोलले की तूदाचं उत्तर ठरलेलं, की तू मेंढ्यांतून आलीस, तुला कोठी काय कळणार.

मेंढ्यांतून आले हे खरंच. माझं माहेर वरच्या कुरणांवरचं, काळ्या तंबूतलं. लग्नाच्या दिवशी भर बायकांत तूदानं नाक उचलून म्हटलं होतं, "नवरी छान आहे. पण मेंढीचा वास येतोय." बायका हसल्या. मीही हसले, आणि ते वाक्य जपून ठेवलं. लोकरीला कसर लागते, टोमण्याला लागत नाही.

या वसंतात तूदाच्या धाकट्या लेकीचं, हन्नूचं लग्न ठरलं. कापणी झाली की लग्न. आमच्या गावात नवरीचं पांघरूण तिच्या आईच्याच हातचं लागतं, लाल जमिनीचं. आई नसेल तर गोष्ट वेगळी, पण आई जिवंत असताना दुसरीनं विणलं तर बायका वर्षभर तोंडावर पदर घेऊन बोलतात. तूदानं माग उभा केला, ताणा ओढला, एक वीतभर विणलंही. तेवढ्यात बहिणीच्या नातवाच्या नामकरणाचा निरोप आला आणि ती चार दिवसांसाठी खालच्या गावी गेली.

ती गाढवावर बसून वळणाआड झाली आणि मी पदर खोचला.

सगळी लोकर मी अंगणात काढली. अक्रोडाच्या झाडाखाली रंगांचा असा ढीग पडला की कोंबड्यासुद्धा लांबून फिरू लागल्या. एकेक लडी झटकली. हिरवीतून अंजिराची वाळली पानं पडली, तपकिरीतून अक्रोडाची साल, काळीतून डाळिंबाची टरफलं, पांढरीतून देवदाराचा भुसा, पिवळीतून रानातला ओवा. कसरही दोन-चार लडींत सापडली, म्हटलं बघा, कचऱ्याचे गुण. तो सगळा कचरा मी भाकरीच्या भट्टीत घातला. त्या दिवशी भाकरीला एक अनोळखी वास आला, जंगलातून लग्नाची वरात गेल्यासारखा. माझा नवरा चार भाकऱ्या जास्त जेवला.

मग अझरू गावच्या मंगळवारच्या बाजारातून पारदर्शक पिशव्या आणल्या आणि डांबरगोळ्या. फळ्या ठोकून घेतल्या. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंग ओळीनं लावले, प्रत्येक पिशवीत मूठभर गोळ्या टाकल्या. संध्याकाळी दारात उभी राहून मी ती कोठी बघत राहिले. सगळं इतकं नीट होतं की मलाच स्वप्नात असल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता बोल म्हणावं मेंढ्यांतून आली म्हणून.

तूदा आली, हातपाय धुऊन कोठीच्या दारात गेली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"हा कसला वास?"

डांबरगोळ्या आहेत, कसर लागली होती, असं मी सांगितलं. कुठे काय लावलंय तेही सांगू लागले, पण तिनं ऐकलं नाही. भिंतीला हात लावत ती मागाशी गेली आणि बसून राहिली. मला वाटलं, जळली.

दुसऱ्या दिवशी मी मेंढ्यांची धार काढून आले तेव्हा ती विणत होती. फणीचा ठोका नेहमीसारखाच पडत होता, जड आणि झोपाळू. मी चहाचा पेला ठेवायला वाकले आणि वर बघितलं. लाल जमिनीवर आठ ओळी हिरव्या. गर्द, ओल्या गवतासारख्या हिरव्या.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, माझी कोठी आवडली नाही म्हणून लेकीच्या पांघरुणावर राग काढताय होय लल्ला? लाल समोर असून हिरवं घालायचं? थोरल्या बाईला मानानं लल्ला म्हणायची आमची सवय रागातही सुटत नाही.

तूदाचा हात थांबला. मग तिची बोटं त्या ओळींवरून हळूहळू फिरू लागली, जणू तिथं कुठेतरी रंग हाताला लागणार होता.

"किती ओळी गं?" तिनं विचारलं.

हातातला पेला तसाच राहिला. तिच्या डोळ्यांकडे मी सव्वीस वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं. टोमणे ऐकताना माणूस तोंडाकडे बघतं. डोळ्यांवर राखेसारखी साय आली होती.

दोन हिवाळे झाले, ती म्हणाली. उजेड कळतो, माणूस हललेलं कळतं, नक्षी तर बोटांतच असते. रंग तेवढे गेले. म्हणून तिनं प्रत्येक रंगात त्याचा त्याचा वास खोचला होता. तोच कचरा मी भट्टीत घातला होता, आणि उरलेल्यावर डांबर ओतलं होतं. मी कोठी लावली नव्हती, तिचे उरलेसुरले डोळे फोडले होते.

"कुणाला सांगू नकोस, रबहा. फणी घेतील माझ्या हातातून."

हीदेखील आमचीच रीत. जिची नजर गेली तिनं फणी दुसरीला द्यायची आणि मग मरेपर्यंत मागाला शिवायचं नाही. आंधळ्या हाताचं कापड घरात आलं की घर वाट चुकतं म्हणतात. आणि ते कापड लेकीचं असेल तर विचारायलाच नको. तूदा रडली नाही. तिच्या वाटचं मीच रडले, चुलीकडे तोंड करून.

तेवढ्यात हन्नू आत आली. मागासमोर उभी राहिली, मान वाकडी केली. "आई, हिरवं कुठून आलं? लाल ठरलं होतं ना?"

मी म्हटलं, "मी घालायला लावलं. माझ्या माहेरचं कुरण आहे ते. माझंही काहीतरी नको का तुझ्या अंगावर?"

हन्नूला ते इतकं आवडलं की ती माझ्या गळ्यातच पडली. काकू, छान दिसतंय, म्हणाली. हिरव्या ओळी राहिल्या त्या तशाच राहिल्या.

त्या दुपारपासून मी पाप निस्तरायला लागले. सगळ्या लडी गच्चीवर वाऱ्यावर टांगल्या. बायकांनी विचारलं तर कसर, म्हणून सांगितलं. अंजिराची पानं तोडून वाळवली, अक्रोडाची साल काढली, सुताराकडून देवदाराचा भुसा आणला, डाळिंबाची टरफलं शेजारणीकडे मागितली. पेटीत काय, रांजणात काय, खुंटीवर काय, तूदा सांगत गेली आणि मी ठेवत गेले. पसारा पुन्हा जसाच्या तसा.

"आणि लालमध्ये काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही. सगळ्यांत जास्त लागतो तो, किती खोचत बसू? ज्याला नुसता मेंढीचा वास, तो लाल."

आली का पंचाईत. बाकीच्या रंगांत नवा वास घालून जुना झाकता आला. लालला घालण्यासारखं काहीच नव्हतं, आणि डांबर तर सासुरवाशिणीच्या बदनामीसारखं, किती वारा द्या, जात नव्हतं. कापणी तोंडावर आलेली.

मग मी लाल लडी पोटाशी बांधल्या. वरून झगा. त्या तशाच घेऊन धारा काढल्या, गोठा झाडला, कोकरांना मांडीवर घेऊन पाजलं. नवऱ्यानं विचारलं, पोट का सुटलंय. म्हटलं, तुमच्याच घरचं खाते. झोपताना त्याच लडी उशाला. स्वप्नात लाल मेंढ्या देवदारांमधून खाली उतरायच्या, एकदाही बें न करता अंगणातून कोठीत शिरायच्या आणि आपापल्या जागी जाऊन निजायच्या. मी दाराशी बसून मोजत असायची आणि मोजता मोजता जागी व्हायची.

तेराव्या दिवशी मी सगळ्या रंगांच्या लडी एका टोपलीत मिसळून तूदासमोर ठेवल्या. तिनं पहिली नाकाशी धरली, हिरवी म्हणाली. दुसरी तपकिरी. तिसरी हातात घेऊन ती थांबली. नाकाशी नेली, खाली घेतली, पुन्हा नेली. एवढ्या दिवसांचं पाणी झालं की काय, असं वाटून गेलं.

"लाल," ती म्हणाली. मग ती लडी गालाला लावून बसली. "पण ही नुसती मेंढी नाही गं. ही तू आहेस."

माझ्या मनात सव्वीस वर्षं जपलेलं ते वाक्य होतं. ते जसंच्या तसं तिच्यासमोर ठेवायला याहून चांगली वेळ आली नसती. "मेंढीचा वास येतोय ना लल्ला?" मी म्हटलं. पण आवाज टोमण्याचा निघालाच नाही.

"येतोय," तूदा म्हणाली. "उठू नकोस. इथेच बस, माझ्याजवळ."

मी टोपली मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. तिनं हिरव्यावर लालची पहिली ओळ घातली आणि फणी ठोकली.