नातं सांगणारी पेटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पांढरा कोट घातलेला ‘वंशदर्शी’ एका करड्या पेटीशेजारी उभा होता. पेटीत थुंकीच्या दोन नळ्या ठेवायच्या; रक्ताचं नातं असलं की हिरवा दिवा, नसलं की लाल. “डीएनए खोटं बोलत नाही,” तो सांगायचा, “पण तो वाचायला नुसती पदवी पुरत नाही, दृष्टी लागते.” कुणाचे पूर्वज सेनापती निघाले, कुणाचे राजवैद्य. साधा शिपाई एकाचाही निघाला नाही. मग लढाया कोण लढत होतं, असं मला विचारावंसं वाटलं. पण तिथे माझ्यासारख्या डॉक्टरच्या शंकेला कोण भीक घालतो?

तेवढ्यात माझ्या मावशीला मंचावर बोलावलं. मावशी शिवणकाम करते. तिचा चार वर्षांचा मुलगा स्टेशनवरच्या गर्दीत हरवला, त्याला तीस वर्षं होत आली. तिच्याशेजारी एका वेल्डरला उभं केलं. अनाथाश्रमात वाढलेला, आई शोधत आलेला. वंशदर्शीने डोळे मिटले आणि सांगितलं, हिच्या मुलाच्या हनुवटीवर व्रण होता. वेल्डरच्या हनुवटीवर व्रण होता. दिवा हिरवा झाला. सभागृह रडलं. खोटं कशाला सांगू, मीही रडले.

मावशीकडे पुन्हा दोन ताटं वाढली जाऊ लागली. त्याच्या शर्टाचं माप घेताना ती खांद्यावरची टेप लवकर उचलायची नाही.

काही महिन्यांनी वेल्डरच माझ्याकडे आला. “ताई, खात्री करता येईल का? आई म्हणताना जीभ अडखळते माझी.” मी मावशीला विचारलं. शिलाई मशीन थांबवून ती हो म्हणाली. दोघांचे नमुने मी प्रयोगशाळेत पाठवले.

मूल अर्धा डीएनए आईकडून घेतं. त्यामुळे तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक जागी आईचा एक वाटा मुलात दिसायलाच हवा. या दोघांचं निम्म्या जागीही जुळेना. दोघांनी निकाल ऐकून घेतला.

पुढच्या सभेला मी दोन नळ्या घेऊन गेले. दोन परक्या माणसांच्या आहेत, असं सांगितलं. लाल दिवा लागला. “सात पिढ्यांत संबंध नाही,” वंशदर्शी म्हणाला. दोन्ही नळ्यांत थुंकी माझीच होती. दिवा लागताना त्याची टाच हलते, हे मी हेरलं होतं. सतरंजी उचलली, खाली बटण होतं, वायर पेटीत गेली होती आणि पेटीत दिव्यांशिवाय काहीच नव्हतं. सभेआधी रांगेत लोकांची आपुलकीने चौकशी करणारी एक बाई असायची, तीही त्याचीच निघाली. मुलाची खूण मावशीने तिलाच सांगितली होती, आणि तसाच व्रण असलेला माणूस त्यांना रांगेतच सापडला होता.

पोलिसांनी वंशदर्शीला नेलं. लोक मात्र माझ्यावरच चिडले. दोन जीव सुखात होते, तुझं काय जात होतं, असं शेजारणीने विचारलं. उत्तर मावशीने दिलं.

“मी माझ्या मुलाला शोधायचं थांबवलं होतं. आणि याची आईही कुठेतरी याची वाट बघत असेल.”

दोघांनी हरवलेल्या माणसांच्या सरकारी नोंदणीत आपले नमुने दिले. अजून कुणाशी जुळलेले नाहीत. वेल्डर अधूनमधून येतो. तिला मावशी म्हणतो. ती हसून ‘ये’ म्हणते आणि आत जाऊन डोळे पुसते.

विज्ञानाने तिला मुलगा दिला नाही. पण दुसऱ्याचा मुलगाही तिचा म्हणून दिला नाही, एवढंच. तुमच्यासमोर कुणी चमत्काराची पेटी उघडली, तर हात जोडण्याआधी एकच विचारा: हे दुसरीकडे तपासून घेऊ का? खरं असेल ते तपासून घेतल्याने खोटं होत नाही.