फेसाच्या ओढ्याला मत

साबणाच्या कारखान्यातून मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली, पण अंगठ्याची लेबल सरळ करायची सवय काही सुटत नाही. बरणीवरची चिठ्ठी वाकडी दिसली की मला घास गोड लागत नाही. आम्हा पॅकिंगच्या बायकांना मुकादमीणबाईंनी घडवलंच तसं होतं. लेबल जरा तिरकं दिसलं की पेटी डोळ्यांसमोर धरून त्या म्हणायच्या, "हे लेबल लावलंय की झोपवलंय?" सगळं खातं फिदीफिदी हसायचं, आणि जिचं लेबल झोपलेलं तीच सगळ्यात जास्त. हातांना वास, केसांना वास. आमचे हे म्हणायचे, बायको आली की साबणाची वडी आली तेच कळत नाही. काय दिवस होते ते.

आता तिथेच माझी सून कामाला आहे, पर्यावरणाच्या खात्यात. तिने मला समजावलं ते असं: कंपनीला बऱ्याच गोष्टी सुधारायच्या असतात, पण सगळं एकदम होत नाही. म्हणून आधी काय करायचं ते ज्यांना ज्यांना कंपनीची झळ लागते त्यांना विचारायचं. कामगार, दुकानदार, शेजारीपाजारी.

"आणि आम्ही म्हाताऱ्या?"

"तुम्ही तर हव्याच, आई. ओढ्याकाठी कोण राहतं?"

आम्हीच राहतो. कारखान्याचं पाणी ओढ्यात येतं, त्यावर फेस चढतो, आणि वारा सुटला की तो थेट दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसतो. माझ्या नातीच्या पायांवर चट्टे उठले ते त्या पाण्यात खेळूनच. सुनेला फेसाचं काम आधी हवं होतं. मोठ्या साहेबांच्या मनात कागद बचत होती. "लोकांनी फेस वर आणला तर फेस," ते तिला म्हणाले होते, "नाहीतर कागद. आज संध्याकाळी ठरवून टाकू."

त्या संध्याकाळी कारखान्याच्या जेवणघरात भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. धूर, वीज, कागद, फेस, अशी एकेका विषयाची एकेक ओळ. प्रत्येकाच्या हाती हिरव्या गोल स्टिकरची पट्टी. जो विषय महत्त्वाचा वाटेल त्याच्या ओळीत स्टिकर लावायचे, बस्स. दुकानदारांनी लावले, कामगारांनी लावले. फेसाची ओळ छान लांबत चालली होती. सुनेचा चेहरा खुलला.

मग आम्हा ओढ्याकाठच्या, पॅकिंगच्या जुन्या बायकांची पाळी आली.

डिंकबाई पुढे झाली. तिला हे नाव पडलं कारण तिने जन्मभर डिंकाचं भांडं सांभाळलं. एक स्टिकर तिने फेसाला लावला, आणि तिची नजर धुराच्या ओळीवर गेली. ती आखूड होती.

"बघवत नाही गं," ती पुटपुटली आणि उरलेले सगळे तिथे लावून मोकळी झाली.

तिच्यामागून आलेलीने विजेची ओळ भरली. मी कागदाची. खरं सांगते, हात आपोआप चालले. आम्ही गुणगुणत होतो, एकमेकींना कोपर मारत होतो, "तुझा झोपलाय बघ" म्हणत होतो. शेवटी मुकादमीणबाई काठी टेकत आल्या, मागे सरल्या, एक डोळा मिटून पाहिलं.

"झकास," त्या म्हणाल्या. "पेटी पाठवा."

सगळ्या ओळी अगदी सारख्या. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, जणू साच्यातून काढलेल्या.

सून तक्त्याकडे बघत राहिली. "आई, हे काय केलंत? यात पहिलं कोण?"

मोठे साहेब घड्याळात बघून म्हणाले, "सगळंच सारखं महत्त्वाचं दिसतंय. मग कागद घेऊ."

काय करावं ते सुचेना. कागदाच्या ओळीतला एक स्टिकर किंचित तिरका होता, तो मी अंगठ्याच्या नखाने अलगद सोडवू लागले. सुनेने माझा अंगठा पाहिला आणि तिचे डोळे लकाकले.

"साहेब, एक मिनिट. सगळ्यांनी पुन्हा या. आता लावायचं नाही, काढायचं. जे थांबू शकेल त्याचे काढा."

काढणं म्हणजे आमचा हातखंडा. जन्मभर झोपलेली लेबलं सोडवली होती. दुकानदार आले, कामगार आले, नुसती झुंबड उडाली. काढलेले स्टिकर टाकायला टोपली नव्हती, म्हणून ते बाह्यांवर, कपाळांवर, डिंकबाईच्या गालांवर चिकटले. कुणीतरी साहेबांच्या पाठीवरही लावले. धूर गेला, वीज गेली. फेसाला कुणी हात लावेना.

कागदाचेही दोन्ही बाजूंनी निघाले, मधे मात्र साहेब उभे होते.

"साहेब, जरा सरका," मुकादमीणबाई म्हणाल्या. "तुमच्यामागे काहीतरी झोपलंय."

साहेब वळले. रिकाम्या तक्त्यावर फेसाची लांब ओळ, आणि कागदाला एकच उरलेला. तो त्यांनी बराच वेळ नखाने खरवडला.

"ओला अंगठा लावा," डिंकबाई म्हणाली.

त्यांनी लावला, तो सोडवला, आणि जागा न सापडल्याने स्वतःच्या टायवर चिकटवला. मग मात्र तेही हसायला लागले. "ठीक आहे," ते म्हणाले. "फेस."

सून मला बिलगली तेव्हा तिच्या कानामागे दोन हिरवे स्टिकर होते. मी ते काढले नाहीत, नातीला दाखवायचे होते.

पाणी गाळायच्या टाकीसाठी ओढ्याकाठी खड्डा खणायला माणसं आली, तेव्हा आम्ही सगळ्या बघायला जमलो. त्यांनी कामाची पाटी ठोकली होती.

"आजी, मागे सरा," खणणारा म्हणाला.

"सरते की," मी म्हटलं. "आधी ती पाटी सरळ कर."