दह्यावरचं झाकण नव्हे मी!

मित्रांनो, मी एक जुनी, गाण्याची तबकडी आहे. तुमच्या आजीच्या वयाची, तेव्हा जरा सरळ बसून ऐका.

अमेरिकेत, अलाबामातल्या एका फर्निचरच्या दुकानामागे माझा जन्म झाला. कंपनी एवढीशी. माझ्यासारख्या तीनशे काढल्या आणि बुडाली. पण माझ्यातलं गाणं! चर्चमधली आळवणी आणि नाचाचा ठेका एकत्र. त्याला सोल म्हणतात. काळजातून गायचं, उगाच नरड्यातून नाही. गाणारा पुढे सैनिक म्हणून जर्मनीत, कार्ल्सरूहेला आला आणि लेक तिच्या जर्मन आईच्या पोटात असतानाच, मला मागे ठेवून परत गेला. ती लेक म्हणजे फ्राउ क्रेमर, आपल्या भाषेत क्रेमरबाई. बापाचा फोटो नाही, पत्र नाही. तिच्याजवळ फक्त मी.

आता माझ्यावर चरे पडले. म्हणून तिने मला वरच्या मजल्यावरच्या हृषिकेशकडे दिलं, गाणं कॉम्प्युटरवर उतरवायला. त्याने मला पाकिटातून काढून स्वयंपाकघरात ठेवलं आणि ऑफिसचा फोन घ्यायला गेला. शहाणा!

त्याची आई, शोभनाताई, पुण्याहून आलेल्या. थंडीत दही लागेना, म्हणून विरजणाचं पातेलं त्यांनी हायझुंगवर, म्हणजे भिंतीवरच्या हीटरवर ठेवलं होतं.

"वाफेला मधे भोकसुद्धा! हुशार हो हे जर्मन," म्हणत त्यांनी मला त्यावर झाकलं.

मित्रांनो, मी उन्हालाही भिते. खालून ऊब चढत गेली. माझी कड मऊ पडली, लवू लागली. ओरडू कशी? सुईशिवाय मला आवाज नाही.

नात अन्वी शाळेतून आली ती किंचाळलीच. "नाइन! नको आजी, दास इस्ट फ्राउ क्रेमर्स पापा!"

"झाकणात कुणाचा गं पापा?"

हृषिकेश धावत आला, पांढराफटक. "आई, ही एकच उरलीये गं!"

"मग उघडी टाकलीस कशाला?"

सरळ करायला मला दोन काचांमध्ये घातलं, वर पिठाची गोणी ठेवली. तेवढ्यात बेल वाजली. दारात फ्राउ क्रेमर.

"आई, मी सांगतो, टेक्निकल प्रॉब्लेम झाला म्हणून..."

"गप्प बस. माझ्या हातून झालंय, मी सांगणार."

शोभनाताई हात जोडून मराठीत बोलल्या. अन्वीने ते जर्मनमध्ये सांगितलं.

फ्राउ क्रेमरने मला काचांतून काढून प्लेअरवर ठेवलं. तिने स्वतः सुई टेकवली. सुई उडाली. पुन्हा टेकवली, पुन्हा उडाली. कडेच्या पहिल्या दोन ओळी गेल्याच होत्या. तिसरीपासून मात्र बापाचा आवाज निघाला, अगदी शेवटपर्यंत.

मग तिने माइक मागितला आणि त्या दोन ओळी स्वतः गायल्या. लहानपणापासून पाठ होत्या. आता कॉम्प्युटरमध्ये आधी लेक गाते, मग बाप.

मित्रांनो, प्रत्येक तबकडीला अशी लेक नसते. तेव्हा वस्तू उचलण्याआधी "ही कुणाची?" एवढं तरी विचारा. तोंड दिलंय कशाला?