हॉलीचा शेंडा

मेंढ्या मूर्ख असतात म्हणणाऱ्याने एकदा आमच्या डोंगरावर यावं. भिंतीतले दोन दगड ढासळले काय, माझ्या तीन मेंढ्या गुडघाभर बर्फातून परसात घुसल्या आणि बाकी सगळं सोडून ॲनसच्या हॉलीवर, बारमाही हिरव्या राहणाऱ्या त्या झाडावर, तुटून पडल्या. कमरेपर्यंतच्या फांद्या फस्त. साल तेवढी वाचली, नशीब.

ॲनस माझी बायको. तिचं माहेर पाण्याखाली आहे. शहराला पाणी हवं म्हणून धरण झालं, अख्खं खोरं उठवलं, घरं पाडली, दारातली झाडं तोडली. आडव्या पडलेल्या हॉलीच्या शेंड्याची एक डहाळी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि इथे रुजवली. माहेरचं जिवंत असं तिच्याकडे तेवढंच. सात वर्षांत ती माझ्या डोक्याइतकी झाली होती. आता वर सगळा भार आणि खाली नुसती काठी; वारा आला की मुळापासून हलायची.

"शेंडा छाटू या," मी म्हणालो. "जोर खाली उतरेल, बुंध्याला फुटवे येतील. नाहीतर एखाद्या वादळात मोडणार."

"हॉलीचा शेंडा? डोकं फिरलंय का तुझं? घरात मरण येतं त्याने!"

"काही येत नाही."

"मग चाळीस वर्षं लोकांची कुंपणं छाटतोस, एका तरी हॉलीला हात लावलास?"

नव्हता लावला. आमच्याकडे कुणीच लावत नाही. सगळं कुंपण कापायचं आणि हॉली तेवढी उभी ठेवायची, ही रीतच आहे. पण बर्फाने शेंडा मोडलेली एक हॉली मी ओढ्याकाठी पाहिली होती, आणि ती खालून फुटली होती. तेवढ्यावर मी बोलत होतो.

मार्चमध्ये मोठा वारा झाला आणि झाड एका बाजूला कललं. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲनस स्वतःच कात्री घेऊन आली.

"कर काय करायचं ते. पण वाळली ना आयझॅक, तर माझ्याशी बोलू नकोस."

तिने बुंधा धरला. मी शेंडा तिरका कापला, वरच्या फांद्याही आखूड केल्या.

एप्रिल गेला, काही नाही. मेमध्ये होती ती पानंही पिवळी पडून गळायला लागली. शेजारचा नेड भिंतीवरून म्हणाला, "आयझॅक, काठी मस्त रोवलीस रे! कुत्रं बांधणार आहेस?"

"तुलाच बांधतो, ये!" मी ओरडलो. आतून माझी पाचावर धारण बसली होती. ॲनस रोज सकाळी बाहेर यायची, बघायची आणि आत जायची.

जूनमध्ये गवत काढायला मी बुंध्याशी गुडघे टेकले आणि तिथेच थांबलो. जिथे कधी डोळा नव्हता, पान नव्हतं, त्या गुळगुळीत सालीतून मोहरीएवढे लालसर ठिपके वर आले होते. एक नाही, दोन नाही, थेट जमिनीपर्यंत! अरे बापरे, इतकी वर्षं हे सगळं त्या सालीच्या आत बसून होतं? मी टोपी काढली. चर्चमध्येसुद्धा मी ती कुरकुरतच काढतो. किती वेळ तसा बसलो कोण जाणे, गुडघे ओले झाले.

"ॲनस!" मी हाक मारली. "ॲनस, इकडे ये!"

ऑगस्टपर्यंत फुटवे वीतभर झाले. एका सकाळी ॲनसने एक पान बोटांत धरलं आणि ती किंचाळली. बोटावर रक्ताचा थेंब होता. मी वाकून पाहिलं. वरची पानं सात वर्षं साधी, कडेला गुळगुळीत; आणि ही खालची सगळी काटेरी, एकेक काटा सुईसारखा. मेंढीचं तोंड जिथवर पोचतं तिथवर काटे! कुणी सांगितलं झाडाला?

ॲनस बोट चोखत उभी होती. मग आत गेली आणि ओलं फडकं घेऊन आली.

"दारातली हॉली अशीच होती," ती म्हणाली. "आई माझी दुपटी तिच्यावर वाळत घालायची. चिमटे लागायचे नाहीत."

तिने फडकं फुटव्यांवर पसरलं आणि हात काढून घेतला. डोंगरावरून वारा सुटला होता. फडकं फुगलं, ताणलं गेलं, पण सुटलं नाही.

"बघ," ॲनस म्हणाली, "धरलंय तिने."